संघपालनं न काढलेला फोटो

विहारात जमलेल्या सगळ्या मायबाप मंडळींनो, संघपालच्या आईबाबांनो, त्याची बहीण करुणा, सगळ्यांना माझा नमस्कार.

माझं नाव प्रल्हाद काळबांडे. मी दिग्रसचा. तुमच्यापैकी मला कोणी ओळखत नाही. मी नातेवाईक नाही, शेजारी नाही, संघपालसोबत शिकलेलोही नाही. तरी बबनभाऊंनी मघाशी मला हाताला धरून इथं आणलं आणि म्हणाले, तुम्ही दोन शब्द बोला. मुलगा जाऊन पंधरा दिवस झाले नाहीत, आणि तो बाप मला धरून आणतो. त्यांना नाही कसं म्हणू?

एक विनंती आधीच करून ठेवतो. बोलता बोलता माझा शब्द अडकतो. डोक्याच्या डाव्या बाजूला, जिथून बोलणं येतं, तिथं माझं ऑपरेशन झालं आहे. शब्द अडकला तर कोणी पुढून सुचवू नका. जरा थांबा. तो येतो. आज जास्त अडकेल, पण त्याचं कारण ऑपरेशन नाही.

संघपाल बत्तीस वर्षांचा होता. मी एकसष्टचा. आमच्या दोघांत आजारी मी होतो. डोक्यात गाठ माझ्या होती. मशीनखाली झोपणारा मी, आणि सुई देऊन उभा असलेला तो. आता तुम्हीच सांगा, आज कोणी कोणासाठी बोलायला पाहिजे होतं?

मी दिग्रसच्या मार्केट यार्डात हर्रास बोलतो. म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या ढिगाजवळ उभं राहायचं, भोवती व्यापारी, आणि बोली चढवत न्यायची. सोयाबीन असो, तूर असो, मोठ्यानं, न अडखळता. त्या कामात माणसाजवळ दुसरं काही नसतं. आवाज असतो आणि जीभ असते. माझा आवाज यार्डाच्या फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीपर्यंत जायचा. लोक मला नावानं कमी आणि आवाजानं जास्त ओळखायचे.

तीन वर्षांपूर्वी एका सकाळी ढिगाजवळ उभा राहिलो. तूर म्हणायचं होतं. तोंडातून दुसरंच काहीतरी निघालं. व्यापारी हसले. मीही हसलो. पुढच्या ढिगावर गेलो, तर काहीच निघालं नाही. तोंड उघडं, आणि आवाज... नाही. माझा मुलगा मंगेश धावत आला. नागपूरला नेलं. गाठ निघाली. ऑपरेशन झालं, मग महिना-दीड महिना किरणांचा शेक दिला. बोलणं गेलं होतं, ते लहान पोरासारखं परत शिकलो. भाकर. पाणी. मंगेश. सहा महिन्यांनी यार्डात उभा राहिलो. पहिल्यासारखा नाही, पण उभा राहिलो.

आणि मग एका तपासणीत त्याच जागी पांढरा डाग दिसला.

सर्जननं समोर बसवून सांगितलं. म्हणाले, काळबांडे, हा डाग दोन गोष्टींचा असू शकतो. एक तर गाठ परत आली. नाहीतर किरणांच्या शेकानं झालेली जखम आहे, तिचा वण आहे. एमआरआयच्या फोटोत दोन्ही सारखंच दिसतं. गाठ असेल तर परत डोकं उघडावं लागेल, आणि या वेळी तुमचं बोलणं वाचेल याची खात्री मी देत नाही. वण असेल तर गोळ्यांवर भागेल. मी विचारलं, मग कळणार कसं? ते म्हणाले, पेट स्कॅन करा. साधा नाही, वेगळं औषध टोचून करतात तो.

असा मी संघपालपर्यंत पोचलो. एका तळघरातलं सेंटर. दारावर तो पिवळा-काळा, तीन पाकळ्यांचा धोक्याचा बोर्ड. तो बघून मी दाराबाहेरच उभा राहिलो. आतून एक उंच, सडपातळ मुलगा आला. निळे कपडे, छातीवर दोन बिल्ले, एक नावाचा आणि एक भलताच. माझ्या तोंडून 'कायले', 'काहून' ऐकलं आणि त्याचा चेहराच खुलला. "काका, यवतमाळकडचे काय? मी घाटंजीचा."

मग माझ्याजवळ स्टूल ओढून बसला आणि समजावून सांगितलं. जे मला कोणी समजावलं नव्हतं, ते त्यानं आपल्या बोलीत समजावलं. म्हणाला, "काका, आपला मेंदू साखरेवर जगते. साखरेचं औषध दिलं तर सगळा मेंदूच उजळून निघते. मंग त्यातली गाठ कशी ओळखू येईन? म्हणून तुमाले दुसरं औषध हाय. डाळीत, अंड्यात जे प्रोटीन असते ना, त्याचा एक बारीक कण समजा. त्या कणाले आम्ही किरण सोडणारा एक अणू लावून देतो. गाठ वाढत असंन तर ते हे कण भरभर वढून घेते. वणाले वाढाचं नसते, थो घेत नाही. मशीन फक्त एवढंच पाहाते का किरण कुठून येऊन राह्यले."

मी म्हटलं, म्हणजे माझ्या डोक्यात दिवा लावणार?

तो हसला. "लावतो अन् संध्याकाळपर्यंत थो आपोआप इझते. म्हणून तर घाई असते काका. हे औषध नागपुरात तयार होत नाही. सकाळच्या विमानानं येते, शिशाच्या..."

थांबा हं. शिशाच्या... डब्यात. हां. शिशाच्या डब्यात.

"शिशाच्या डब्यात येते," म्हणाला, "अन् तयार झालं का तेव्हापासूनच कमी व्हाले लागते. दोन तास होत नाहीत तर अर्धं. आणखी दोन तासात अर्ध्याचं अर्धं."

तो गुरुवार होता. मी सकाळपासून उपाशी बसलो होतो. अकराला येणारं औषध विमान उशिरा निघाल्यानं साडेतीनला आलं. संघपालनं डबा आत नेला, कुठल्याशा यंत्रात मोजून पाहिला आणि बाहेर आला. मान खाली. "काका, आज नाही जमत."

मंगेशनं हात जोडले. म्हणाला, भाऊ, आलंच आहे तर जसा निघते तसा फोटो काढून टाका ना.

संघपाल म्हणाला, "फोटो निघंन. पण पुसट निघंन. पुसट फोटोत गाठ असली तरी दिसाची नाही, अन् नसली तरी असल्यावानी वाटंन. त्याच्या भरवशावर उद्या काकाचं डोकं उघडतीन, नाहीतर उघडाचं असून सोडून देतीन. मी आमच्या डॉक्टर मॅडमशी बोललो, त्याईचंबी हेच म्हणणं हाय. असा फोटो मी नाही काढत."

मंडळी, आता जे सांगतो ते इथं सांगितल्याशिवाय मला खाली बसता यायचं नाही.

मी उठलो. त्या नावाच्या बिल्ल्यावर मी सकाळीच त्याचं आडनाव वाचलं होतं. मुनेश्वर. आणि आपल्याकडं आडनाव वाचून माणूस काय काय वाचतो ते तुम्हाला मी सांगायला नको. मी यार्डातला माझा सगळा आवाज काढला. गाठीतून जेवढा वाचला होता तेवढा सगळा. आणि म्हणालो, "कोट्यातून आलेले लोक बसवले का असंच होते."

बाहेर दहा-बारा पेशंट होते. सगळ्यांनी ऐकलं. मंगेशनं माझा हात ओढला. मी सोडवून घेतला.

संघपाल माझ्याकडं पाहत राहिला. रागानं नाही. मी रागाची वाट पाहत होतो, तो आला असता तर मला बरं वाटलं असतं. तो वळून आत गेला. मला वाटलं, आता हा मोठ्या डॉक्टरला घेऊन येतो आणि मला बाहेर काढतो. पाच मिनिटांनी आला. एका हातात पाण्याचा ग्लास, दुसऱ्या हातात बिस्किटांचा पुडा.

"काका, सकाळपासून उपाशी आहा तुम्ही. आता सुई नाही, तर खाले हरकत नाही. पुढच्या गुरुवारी या. मी आहो."

मी ती बिस्किटं खाल्ली.

पुढच्या गुरुवारी सकाळीच मंगेशच्या फोनवर त्याचे निरोप सुरू झाले. औषध निघालं. विमान उतरलं. गाडीत बसलं. जसं काही घरचं कोणी यायचं होतं. आम्ही पोचलो तेव्हा तो दारात उभा. झालेल्या गोष्टीचा एक शब्द नाही, चेहऱ्यावर एक रेघ नाही.

सुई भरलेली त्यानं आणली ती जाड धातूच्या वेष्टणात. हात इतका हलका की टोचलेलं कळलं नाही. आणि टोचल्याबरोबर तो उठला आणि दारापर्यंत मागं सरकला. तिथून बोलायला लागला. पाणी हवं का, थंडी वाजते का, सगळं चार हात लांबून.

मला वाटलं, हा आता त्या दिवसाचा वचपा काढतो. मी विचारलं, काहून रे बाबू, इतका लांब?

तो म्हणाला, "काका, आता किरण तुमच्याच अंगातून निघून राह्यले. तुमाले त्याचा त्रास नाही, हे एकदाच हाय. मले रोज इतके पेशंट. मी प्रत्येकाजवळ बसून राह्यलो तर माझा कोटा लवकर संपंन."

कोटा. तो शब्द त्यानं मुद्दाम वापरला की सहज आला, मला आजही माहीत नाही. त्याच्या चेहऱ्यावरून काही कळलं नाही. लगेच पुढं म्हणाला, "सूनबाईले दिवस गेले म्हणत होते ना मंगेशभाऊ? आज रात्रीपर्यंत त्याईच्या जवळ बसू नका. उद्या सकाळी काही नाही. उद्या सगळ्याईत बसा."

त्या खोलीत मी एकटा पडून होतो. आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझ्यापासून चार हात लांब उभं राहिलं होतं. तेही काही तासांसाठी, कारण सांगून, उद्याचा दिवस मोकळा करून. आमच्या घरी माझे आजोबा महार गड्याला अंगणाच्या बाहेर उभं करून लांबून पाणी घालत. मी लहानपणी पाहिलं आहे. त्याला कारण कोणी सांगितलं नव्हतं. आणि उद्या सकाळी ये, असं तर कोणीच म्हटलं नव्हतं. त्या दिवशी डोक्यात ते औषध फिरत होतं, त्यासोबत हे फिरत होतं.

फोटो निघाला. तो काचेमागून बाहेर आला. मंगेश म्हणाला, भाऊ, काय दिसते? "रिपोर्ट मॅडम देतीन, मले सांगता येत नाही." एवढंच म्हणाला. पण कॅन्टीनकडं जाताना शिट्टी वाजवत गेला. मंगेश माझ्याकडं पाहायला लागला, मी मंगेशकडं.

दुसऱ्या दिवशी सर्जन म्हणाले, वाढ नाही. वण आहे. गोळ्या घ्या आणि यार्डात जा.

मी आज तुमच्यासमोर बोलतो आहे. हे बोलणं त्या फोटोमुळं आहे. आणि त्याच्या आधीच्या गुरुवारी जो फोटो त्यानं काढला नाही, त्याच्यामुळं जास्त आहे. माझं नको तेवढं ओरडणं ऐकूनसुद्धा त्यानं तो काढला नाही. काढला असता तर कोणाला काय कळणार होतं?

आता तुम्ही म्हणाल, प्रल्हादभाऊ, मग तुम्ही त्याची माफी मागितली असेल. नाही मागितली.

संधी नव्हती असं नाही. गेल्या दिवाळीला तो दिग्रसला आला. घाटंजीला घरी यायचं सोडून मुद्दाम वाट वाकडी करून आला. यार्डाच्या गर्दीत मागं उभा होता. मला दिसला तेव्हा मी सोयाबीनच्या ढिगावर बोली चढवत होतो. संपल्यावर गेलो. म्हटलं, बाबू, तू इथं कसा? म्हणाला, "मशीनवर नुसतं डोकं दिसते काका. आवाज आयकाले आलो."

मी त्याला टपरीवर नेलं. चहा पाजला, आलुबोंडा खाऊ घातला. व्यापाऱ्यांना ओळख करून दिली, हा माझा डॉक्टर. तो म्हणे, डॉक्टर नाही काका, टेक्नॉलॉजिस्ट. अर्धा तास आम्ही समोरासमोर बसलो. वाक्य माझ्या जिभेवर होतं. अडकलेलं नव्हतं. नीट तयार होतं. संघपाल, त्या दिवशी मी जे बोललो. एवढं म्हणायचं होतं, पुढचं त्याला समजलं असतं. पण भोवती यार्डातली माणसं होती. त्यांच्यासमोर म्हणायची लाज वाटली. बारा माणसांसमोर अपमान करताना वाटली नव्हती. म्हटलं, पुढच्या तपासणीला जाईन तेव्हा एकांतात बोलू. मग त्याची बस लागली.

या महिन्यात मी त्याच्या सेंटरवर फोन केला. तपासणीची तारीख घ्यायला. उचलला दुसऱ्याच कोणी. म्हणाला, मुनेश्वर सरांकडं काम होतं काय? सर नाहीत आता. मला वाटलं, नोकरी सोडली. म्हटलं, कुठं गेले? तेव्हा त्यानं सांगितलं, सर वारले, घाटंजीच्या विहारात त्यांची शोकसभा आहे.

आज सकाळी घाटंजीच्या स्टँडवर उतरलो. चहा घेतला. बाकावर दोघं बोलत होते. एक म्हणाला, किरणाच्या कामावर होता म्हणे बबन टेलरचा पोरगा. रक्तच आटलं त्याचं. दुसरा म्हणाला, आटणारच. रोज तेच हाताळे ना.

बबनभाऊ, ताई, हे तुमच्या दारापर्यंत आलं आहे, मला माहीत आहे. म्हणून सांगतो. तुमचा मुलगा डेंग्यूनं गेला. सहा दिवसांच्या तापानं. त्यात रक्तातल्या पेशी उतरतात, त्या कोणाच्याही उतरतात. आमच्या दिग्रसला कापड दुकानातल्या पोरीच्या उतरल्या, तिनं किरण जन्मात पाहिले नाहीत. त्याच्या विभागाच्या मॅडम इथं पुढंच बसल्या आहेत. त्याच्या तपासण्यांचे सगळे कागद त्या घेऊन आल्या आहेत, मघाशी त्या बोलल्याही. मी अडाणी माणूस, मी फक्त मला त्यानं सांगितलेलं सांगतो. तो दुसरा बिल्ला मी त्याला विचारला होता. म्हणाला, "हा माझा चहाडखोर हाय काका. मी किती किरणं खाल्ले ते हा वरती सांगते. दर तीन महिन्यानं तपासाले जाते. अजून एकदाबी माझ्याविरुद्ध बोलला नाही." चार हात लांब उभा राहणारा मुलगा होता तो. आपल्या कामाला भीत नव्हता, कारण त्याला त्याची पूर्ण माहिती होती.

ताई, मघाशी कोपऱ्यात तुम्ही मला विचारलं. "भाऊ, माया पोरगा तिथं नेमकं करे काय? मले म्हणे, आई, मी फोटोग्राफर हाय." ते कोपऱ्यात सांगण्यासारखं नव्हतं. आता बोलतो. ज्या माणसाला आपल्या डोक्यात काय चाललं आहे ते माहीत नसतं, डॉक्टरलाही माहीत नसतं, आणि घरचे सगळे श्वास धरून बसलेले असतात, त्याला तुमचा मुलगा खरं काय ते काढून देत होता. कधी ते चांगलं निघायचं, कधी वाईट. त्याच्या खोलीतून रडत बाहेर पडलेली माणसंही मी पाहिली. त्यांनाही तो पाणी नेऊन द्यायचा.

आणि एक. करुणाची संघपालच्याच कामाच्या शिक्षणासाठी निवड झाली आहे. संघपालनंच तिचा फॉर्म भरला होता, बबनभाऊंनी मला सांगितलं. आता ताई म्हणतात, एक गेला, दुसरी देत नाही. ताई, मी हक्कानं काही सांगू शकत नाही. तो हक्क मी त्या पहिल्या गुरुवारीच घालवला. तुमची भीती खोटी आहे असंही मी म्हणणार नाही, आईची भीती कोण खोटी म्हणेल? फक्त स्टँडवरच्या त्या दोघांच्या बोलण्यावरून काही ठरवू नका. करुणा, तू आईची घाई करू नको. आणि ताई, तुम्ही तिचा फॉर्म फाडू नका. आज एवढंच मागतो.

माझी गाठ परत येऊ शकते. डॉक्टर तसं स्पष्ट म्हणतात. पुन्हा त्या तळघरात जाईन तेव्हा सुई द्यायला कोणी दुसरं असेल. चांगलंच असेल. पण तो नसेल, आणि मला त्याच्याशी बोलायचं होतं.

बबनभाऊ, ताई, जे त्याच्यासमोर म्हणायचं होतं, ते तुमच्यासमोर म्हणतो. माझी चूक झाली. माफ करा म्हणत नाही, तेवढं मोठं मन तुमच्याकडं आज मागणं बरोबर नाही. चूक झाली, हे फक्त तुमच्या कानावर असू द्या.

आता आपण सगळे उभे राहू. दोन मिनिटं कोणी काही बोलू नये. आपापल्या परीनं त्याला आठवा. ज्यांनी त्याला लहानपणी बापाच्या शिलाई मशीनखाली खेळताना पाहिलं त्यांनी तसा आठवा, मी माझा आठवतो.

त्याआधी माझा एक शब्द राहिला. आमच्या यार्डात मापाडी आहेत, हमाल आहेत, त्यातले कितीतरी सकाळी भेटले की मला तो शब्द म्हणतात. मी मान हलवतो, हात वर करतो, बरं आहे ना म्हणतो. एकसष्ट वर्षांत तो शब्द मी स्वतः कोणाला म्हटला नाही. जीभ चांगली होती तेव्हाही नाही.

संघपाल, बेटा.

जयभीम.